भरलेली खाच

धाकट्याने ट्रे तिच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि बोटाने दाखवलंसुद्धा नाही. दाखवायची गरजच नव्हती. काळ्या स्पंजात प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच कोरलेली असते ती याचसाठी; एक जरी वस्तू जागेवर नसली तरी खालचा पिवळा रंग डोळ्यांत खुपतो. तिसऱ्या ओळीत, स्क्रू फिरवायच्या बिटांच्या रांगेत, बोटाच्या पेराएवढी एक खाच पिवळीधमक दिसत होती.

"हे काय?" ताईने विचारलं.

"बिट नाहीये."

"ते मलाही दिसतंय. कुठंय?"

"माहीत असतं तर ट्रे घेऊन तुझ्याकडे आलो असतो का?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजचाच दिवस मिळाला तुला?"

"बिट काय कॅलेंडर बघून हरवतं, ताई?"

हॉलमध्ये ती सगळ्यांचीच ताई होती. इंजिनियर म्हणून लागली तेव्हा मॅडम होती. पुढे धाकटा भाऊ मेकॅनिक म्हणून आला, पहिल्याच दिवशी भर हॉलमध्ये 'ताई, किल्ल्या विसरलीस' म्हणून ओरडला, आणि मॅडमचा कारभार तिथेच आटोपला. पुढे ती जुळणीच्या या अख्ख्या हॉलची प्रमुख झाली तरी ताई ती ताईच राहिली आणि तो सगळ्यांचा धाकटा. सख्ख्या बहीणभावांनी एका छपराखाली नोकरी करू नये, असं त्यांची आई म्हणायची. पण आईचं ऐकतंय कोण!

केबिनच्या काचेपलीकडे दहावं विमान उभं होतं. धुऊनपुसून, चाकांनासुद्धा काळी चमक देऊन. समुद्रकिनाऱ्यावर गस्त घालणारं दोन इंजिनांचं विमान. त्याच्यासमोर खुर्च्या मांडणं चालू होतं, कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं. दुपारी नौदलाचे कमांडर सही करून विमानाचा ताबा घेणार होते, आणि चार वाजता वरच्या मजल्यावरून मोठे साहेब गुंतवणूकदारांना फोनवर तिमाहीचा निकाल सांगणार होते. त्या निकालात एकच आकडा कामाचा होता, ताब्यात दिलेल्या विमानांचा: दहा.

या धंद्याला तेव्हा सोन्याचे दिवस आले होते. जगभरची सरकारं घाबरली होती आणि घाबरलेली सरकारं विमानं मागत होती. झाडून साऱ्या कंपन्यांचे शेअर वर चालले होते, या कंपनीचाच तेवढा घसरत होता. मागणी नव्हती म्हणून नव्हे, दिलेला शब्द पाळता येत नव्हता म्हणून. प्रवासी विमानांची दारं बनवण्याचं काम कधीच हातचं गेलं होतं, शेजारचा हॉल त्यापायी ओस पडला होता, आणि सगळी भिस्त या गस्तीच्या विमानांवर होती. साहेबांनी सलग दोन तिमाह्या आकडा सांगितला आणि दोन्ही वेळा कंपनी तोंडघशी पडली. तिसऱ्यांदा तसं झालं की एक बडी कंपनी मातीमोल भावाने हिला गिळायला टपलेलीच होती. तिला हवी होती ती यापुढची चाळीस विमानांची ऑर्डर. हा हॉल आणि यातली माणसं तिला नको होती. तिच्याकडे स्वतःचे हॉल होते.

आणि हा शहाणा बिट हरवून बसला होता.

"खिसे बघितलेस? बुटांत, पँटच्या दुमडीत?"

"सगळं बघितलं."

"दुसऱ्या कुणाला बोललास?"

"नाही. आधी तुझ्याकडे आलो."

टेबलाचा खालचा ड्रॉवर ताईने ओढला तेव्हा आपण काय शोधतोय हे तिचं तिला नीट ठाऊक नव्हतं. निदान नंतर तिने स्वतःला तसं सांगितलं. ड्रॉवरमध्ये नव्या बिटांचं पाकीट होतं. त्यांवर अजून ट्रेचा नंबर कोरलेला नव्हता. कोरायची पेन्सिल बाजूलाच पडलेली. एक बिट काढायचं, धाकट्याच्या ट्रेचा एकतीस हा आकडा टाकायचा, खाचेत बसवायचं. ट्रे भरला. विमान गेलं. दहा म्हणजे दहा. आणि काय सांगावं, हरवलेलं बिट कुठेतरी केराच्या डब्यात असेल, घरी जाताना रस्त्यात पडलं असेल. विमानातच असेल कशावरून?

तिने मान वर केली. धाकटा तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती तशी तिने फक्त लहानपणी, वडील आजारी होते तेव्हा पाहिली होती.

"ताई," तो म्हणाला. बस, एवढंच.

तिने ड्रॉवर पायाने धाडकन बंद केला. "अक्कल कुठे गहाण ठेवलीस रे! घरी बायकोला नववा लागलाय आणि तू इथे..." ती उठली, केबिनबाहेर आली आणि भिंतीवरचं लाल बटण तिने तळहाताने दाबलं.

भोंगा वाजला.

भोंगा वाजला की जो जिथे असेल तिथे थांबतो. हातातलं हत्यार खाली ठेवायचं, खिसे उलटे करायचे, आपला ट्रे आणून लांब टेबलावर उघडा ठेवायचा. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, विमान तर नाहीच नाही. भिंतीवर पाटीही होती: 'हत्यार हरवल्यास ताबडतोब सांगा. सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही.' पाटी खरी होती. गेल्या कपातीच्या आधी एकाने तपासणीचा छोटा आरसा हरवल्याचं सांगितलं होतं. अर्धा दिवस हॉल बंद राहिला, आरसा त्याच्याच कपाटात सापडला, आणि त्याच्यावर काडीचीही कारवाई झाली नाही. पुढे कपातीची यादी लागली तेव्हा त्याचं नाव सगळ्यात वर होतं एवढंच. ती कारवाई नव्हेच मुळी, ती कपात. यादीवर ताईची सही होती. साहेबांनी नावं दिली, तिने सही केली, आणि त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागलं नाही हेही खरं.

"धाकट्याचं बिट हरवलंय," तिने मोठ्याने सांगितलं. "कालपर्यंत ट्रेमध्ये होतं. विमानात आहे असं धरून चालायचं. पॅनेलं उघडा."

हॉलमधून एक सुस्कारा गेला. कुणीतरी 'झालं कल्याण' म्हणालं. खुर्च्या मांडणारे खुर्च्या हातात धरून तसेच उभे राहिले.

वरून जिन्यावरून पहिले खाली आले ते वित्तसंचालक. कंपनीचा हिशेब आणि शेअरबाजार सांभाळणारे हे गृहस्थ कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देत, म्हणून हॉलने त्यांचं नाव टक्केवारी ठेवलं होतं. ते त्यांनाही माहीत होतं.

"ताई, किती वेळ लागेल?"

"सापडेपर्यंत."

"अंदाजे?"

"अंदाजे सापडेपर्यंत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी काही राक्षस नाही हो. नियम मला कळतात. पण साहेब चार वाजता दहा म्हणणार आहेत. नऊ म्हणाले तर उद्या बाजार उघडल्यावर शेअर कुठे जाईल, मला टक्क्यांतही सांगता येणार नाही. हे जेवढे लोक इथे खिसे उलटे करून उभे आहेत ना, ते सगळे त्या आकड्यावर उभे आहेत."

"आणि ते बिट एखाद्या तारेत अडकलं तर?"

टक्केवारींनी विमानाकडे पाहिलं. "मला फक्त तासातासाला कळवत राहा," ते म्हणाले, आणि जिना चढताना दोनदा मागे वळून बघत गेले.

कमांडर लवकरच आले होते. इस्त्रीचा गणवेश, हातात टोपी, बोलणं मवाळ. ताईने त्यांना काय झालंय ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ते म्हणाले, "शोधा तुम्ही. सही केल्यावर यात माझी पोरं बसणार आहेत." आणि एका बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईला वाटून गेलं.

धाकट्याचं काम विमानाच्या नाकात होतं, वैमानिकाच्या समोरच्या यंत्रांमागे. तिथलं सगळं उघडलं. आसनं काढली, जमिनीच्या पट्ट्या काढल्या, आरसे आणि दिवे घेऊन चार माणसं आत शिरली. एक जुना रिव्हेट निघाला, प्लॅस्टिकचा एक तुकडा निघाला. बिट काही नाही. आतला माणूस दर वेळी डोकं बाहेर काढून मान हलवी आणि दर वेळी हॉलमधली कुजबुज थोडी कमी होई.

"शेपूट उघडू या," धाकटा म्हणाला.

ताईने वळून पाहिलं. "शेपटीत तुझं काय काम?"

"काल गेलो होतो थोडा वेळ. काकांना दिवा धरायला."

काका म्हणजे हॉलमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या तारा ओवणं, त्या कप्पीच्या चाकांवरून नेऊन ताणून बसवणं, हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. धाकट्याला हाताला धरून त्यांनीच शिकवलं होतं. ताई नवखी होती तेव्हा तिलाही. हॉलप्रमुख झाली तरी ते तिला 'पोरी'च म्हणत, आणि तिलाही ते आवडे.

"शेपटीत नको," काका म्हणाले. "ते मी बंद करून सील केलंय पोरी. उघडलं की तारांचा ताण परत पहिल्यापासून मोजायला लागेल. दुपारची सही विसरा मग."

"पण हा म्हणतो आत गेला होता."

"दिवा धरायला गेला होता. ट्रे कुठे नेला होता त्याने? हो ना रे?"

धाकटा खाली बघत होता. "बिट खिशात होतं माझ्या," तो म्हणाला. "असेल. मला नक्की आठवत नाही."

"नक्की आठवत नाही म्हणून शेपूट उघडायचं?" काकांचा आवाज चढला. काकांचा आवाज चढलेला हॉलने कधी ऐकला नव्हता. त्यांनाच ते जाणवलं असावं. ते विमानाच्या शेपटीला हात लावून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही यांनी, असं ताईच्या मनात आलं, आणि मग दुसरं काही मनात यायला वेळच उरला नाही. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे बघत होता. शेपूट उघडलं नाही तर दुपारी सही, कदाचित. उघडलं तर ताण मोजून होईपर्यंत चार वाजायला येणार, आणि आत काही निघालंच नाही तर दोन्हीकडून गेलं.

"उघडा," ती म्हणाली.

धाकटा स्वतःच आत शिरला. शेपटीच्या पोटात एकच माणूस मावतो, तोही पोटावर सरपटत. बाहेर त्याचे फक्त बूट दिसत होते. बूट थोडे पुढे गेले, थांबले, परत पुढे गेले. काका पाठमोरे झाले होते. टक्केवारी न बोलावता खाली आले होते आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभे होते.

"सापडलं!"

आतून आवाज घुमून आला, आणि त्यानंतर जे झालं ते ताईने आपल्या हॉलमध्ये कधी पाहिलं नव्हतं. माणसांनी टाळ्या पिटल्या. कुणी टेबलं बडवली. टक्केवारींनी शेजारच्या रंगाऱ्याला चक्क मिठी मारली आणि आपला कोट रंगाने भरवून घेतला. 'धाकट्या, लेका, जीव घेतलास' असं कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. एवढ्या वेळचा कोंडलेला श्वास एकदम सुटला होता.

धाकटा सरपटत मागे आला. कोपर खरचटलं होतं, केसांत धूळ. त्याने बिट तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"कप्पीला चिकटून पडलं होतं," तो म्हणाला. "तारेच्या अगदी खाली. लाव आता मोजणीला लगेच."

"कप्पीला?"

"हो. लाव ना ताई."

एवढी कसली घाई याला! ती दिव्याखाली गेली आणि मूठ उघडली. बिट जुनं होतं, टोक झिजलेलं. त्याच्या कडेला कोरलेला आकडा बघायला तिला डोळे बारीक करावे लागले. आकडा एकतीस नव्हता. आकडा चार होता.

तिने हॉलकडे पाहिलं. टाळ्या थांबल्या होत्या, माणसं परत आपापल्या जागी चालली होती, कुणी पाणी पीत होतं. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती लांब टेबलापाशी गेली. उघड्या ट्रेंच्या रांगेत चार नंबरचा ट्रे जागेवर होता. एकही खाच पिवळी नव्हती. बिटांच्या रांगेत सगळी बिटं होती, मात्र त्यांतलं एक चकचकीत होतं. तिने ते उचललं. त्यावरचा चार कोरायच्या पेन्सिलीने काढलेला नव्हता. खिळ्याने ओरखडून काढल्यासारखा वेडावाकडा होता. बिट बाजारातून आणलेलं.

चार नंबरचा ट्रे काकांचा होता.

तिने ते बिट जिथल्या तिथे ठेवलं. तपासणीच्या माणसांना तिने शेपटीकडे पाठवलं, ताण मोजायला घ्या म्हणाली, आणि धाकट्याला हत्यारांच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"तुझं कुठंय?"

त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं.

"हे काकांचं आहे. तुझं कुठंय?"

धाकटा बाकावर बसला. डाव्या बुटाची नाडी त्याने सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि मोज्यातून बिट काढून तिच्यासमोर धरलं. "सकाळपासून टोचतंय," तो म्हणाला.

ताईला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने यांतलं काहीच केलं नाही.

"काल त्यांच्या ट्रेमधून बिट मागून घेतलं तेव्हा दिसलं," तो सांगू लागला. "खिळ्याने काढलेला आकडा. मी विचारलं तर रडायलाच लागले, ताई. म्हणाले, शेपटीत पडलं असेल, नक्की माहीत नाही, कुणाला बोलू नकोस. मी शब्द दिला."

"मला सांगायचंस की!"

"काय सांगायचं? नाव? आरसेवाल्याचं काय झालं ते हॉल विसरलेला नाही. काकांना आता दुसरीकडे कोण उभं करणार? म्हटलं, आपलंच हरवलं म्हणू. माझं काय, मी तरणा आहे. शेपूट उघडलं की झालं." तो मोजा घालू लागला. मग मान खाली ठेवूनच म्हणाला, "तू ड्रॉवर उघडलास ना, तेव्हा वाटलं, संपलं. आता हीपण तेच करणार."

ताईने त्याच्या हातातून बिट घेतलं. "बूट घाल नीट," ती म्हणाली. एकतीस नंबरचं बिट तिने स्वतः नेऊन त्याच्या ट्रेमध्ये बसवलं आणि काकांचं झिजलेलं बिट आपल्या खिशात टाकलं. धाकट्याचं बिट हरवलं होतं, धाकट्याचं बिट सापडलं. हॉलला एवढंच माहीत होतं आणि एवढंच पुरेसं होतं. खोटं होतं ते, पण कुणाच्या पोटावर पाय देणारं नव्हतं. विमानाच्या पोटात आता काही नव्हतं, हे तर शंभर टक्के खरं.

तारांचा ताण मोजून झाला. एकदा, आणि ताईच्या हट्टाखातर परत एकदा. सगळं बरोबर आलं. काकांचं काम होतं ते. बरोबर येणारच होतं. कमांडरांनी उभ्या उभ्या सही केली, साहेब खाली येऊन त्यांच्याशी हस्तांदोलन करून गेले, जाता जाता ताईला म्हणाले, "वाचवलंत." चार वाजायला थोडाच अवकाश होता. टक्केवारी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते आणि जो दिसेल त्याला अंगठा दाखवत होते.

काका कपडे बदलायच्या खोलीत होते. आपल्या कपाटासमोरच्या बाकावर, एक बूट पायात आणि एक हातात. ताई त्यांच्या शेजारी बसली.

"काका, तुमचा ट्रे बघितला मी."

त्यांनी मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखं काही दाखवलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तुला भोंगा वाजवायला लागला असता," काका म्हणाले. "मग पुढची यादी आली असती. मग त्या यादीवर तुलाच सही करायला लागली असती. म्हटलं, पोरीवर ती पाळी नको."

हे ऐकून ताईचे डोळे भरून आले. रागावून आलेली बाई ती. पण राग कुणावर काढायचा तेच तिला समजेना. तिने त्यांच्या हातातला बूट काढून घेऊन खाली ठेवला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "सापडलं ना. विमान स्वच्छ आहे, सही झाली. धाकटा बोलणार नाही, मीही बोलणार नाही. तुम्ही गपगुमान घरी जा, गोळी घ्या आणि झोपा. उद्या माझ्याकडे नवं बिट मागा, आकडा मी माझ्या हाताने कोरून देते."

तिला वाटलं होतं, काका आता सैल होतील. काका सैल झाले नाहीत. ते समोरच्या कपाटाच्या कडीकडे बघत राहिले.

"कुणालाच सांगणार नाहीस?"

"कुणालाच नाही."

"खरं?"

"खरं म्हणजे खरं. लहान मुलासारखं काय करताय, काका?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मग अजून एक सांगून टाकतो," ते म्हणाले. "आठव्यातपण राहिलंय."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. नळ चालू राहिला होता, त्याचं पाणी वाहत होतं.

"काय राहिलंय?"

"तसलंच बिट. आधी हरवलं ते तिथलं, त्याच्या जागी घरातलं जुनंच बसवलं होतं. मी पुष्कळ शोधलं गं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की आत शिरायचो. पण एकट्याने किती शोधणार? चोरून किती शोधणार? एक दिवस येऊन बघतो तर विमान गेलेलं. मग म्हटलं, बाहेरच कुठेतरी पडलं असेल. रोज म्हणायचो. आज ह्याच्यातलं कप्पीपाशी निघालं आणि..."

"आठव्यात कुठे होतात तुम्ही? काका, कुठे काम करत होतात?"

"शेपटीतच," काका म्हणाले. "मी दुसरं काय करतो?"

ताई उठली. काकांनी तिची बाही धरली, घट्ट नाही, नुसती धरली. "तू म्हणालीस, कुणालाच नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीच बाही सोडली.

हॉल ओलांडताना तिला धावावंसं वाटत होतं आणि धावता येत नव्हतं. टक्केवारी समोर आले, फोनवर तळहात ठेवून कुजबुजले, "साहेबांनी सुरुवात केली. दहाच्या दहा म्हणाले, ताई! उद्या शेअर निदान चार टक्के..." ती थांबली नाही. तिचा चेहरा बघून ते बोलायचे थांबले आणि तिच्यामागून चालू लागले. दारापाशी धाकटा कुणाशी तरी गप्पा मारत उभा होता. तिला बघून त्याचं हसू मावळलं.

कमांडर बाहेर निघाले होते. गाडीचं दार उघडं होतं, टोपी डोक्यावर चढली होती.

"कमांडरसाहेब, आमचं आठवं विमान आत्ता कुठे असेल हो?"

सासरी गेलेल्या लेकीची कुणी चौकशी करावी तसं काहीसं त्यांना वाटलं असावं. ते कौतुकाने हसले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"आठवं ना? आत्ता हवेत. समुद्रावर असेल, गस्तीला."

टक्केवारी तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातातल्या फोनमधून मोठ्या साहेबांचा आवाज बारीक, पण स्पष्ट ऐकू येत होता. येत्या वर्षाबद्दल ते आशेने बोलत होते.

"उतरवा," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उतरवा ते."